आमची कुत्री खारी परत परत घर कुरतडायची, कुंड्या उकरायची. दर वेळी कारण वेगळं निघालं

दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग खाऊन टाकलेला, लादीवर लाकडाचा भुसा आणि त्या भुशात उभं राहून शेपूट हलवणारी आपली कुत्री. लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचल्यावर हे दिसलं की आधी डोकं फिरतं आणि मग रडू येतं. ज्यांच्या घरी सध्या हे चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आम्ही मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर राहतो, वन बीएचके. खारी गावठी आहे, आता चार वर्षांची, वजन सतरा किलो. पावसाळ्यात आमच्या वॉचमनना मीटरच्या खोलीत सापडली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची असेल. या चार वर्षांत तिचं कुरतडणं आणि उकरणं चार वेळा हाताबाहेर गेलं. एकदा थांबलं म्हणून निःश्वास टाकावा, तर काही महिन्यांनी दुसऱ्याच कोपऱ्यात पुन्हा सुरू. मी दर वेळी आधीचाच उपाय करायला जायचे आणि तो लागू पडायचा नाही, कारण या वेळचं दुखणं वेगळं असायचं. ऑगस्टमध्ये ताप आला तर मलेरिया असेल, डेंग्यू असेल, साधा फ्लूही असेल, म्हणून आपण रक्त तपासून घेतो. कुरतडण्याचंही तसंच आहे. औषध कुठलं ते कारण कळल्याशिवाय ठरत नाही.

आधी तीन-चार दिवस नुसतं बघा

तुम्ही बाहेर जाता तेव्हा जुना मोबाइल चार्जिंगला लावून, कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही अशा जागी, रेकॉर्डिंग सुरू करून ठेवा. घरी असाल तेव्हा काय कुरतडलं, किती वाजता, त्या वेळी घरात कोण होतं, एवढं कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. चार दिवसांत ओळख पटते.

नुकसान दार, चौकट, खिडकी, दाराजवळचं पायपुसणं इथेच होत असेल, तेही तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात, आणि सोबत लाळ, धापा, रडणं असेल, तर ती भीती आहे. एकटं राहण्याची भीती. घरभर कुठेही, दोन-तीन तासांनी, निवांत आडवं पडून उशी फाडली असेल तर कंटाळा. एकाच कोपऱ्यात, कान टवकारून, नाक जमिनीला लावून उकरत असेल तर तिथे काहीतरी जिवंत आहे. फक्त कुंडीच उकरली जात असेल तर कुंडीत काय घातलंय ते आठवा. आणि तीन ते सात महिन्यांचं पिल्लू असेल तर सगळ्यात आधी त्याचं तोंड उघडून बघा.

या चार दिवसांत एक पाळायचंच: घरी आल्यावर मारायचं नाही, ओरडायचं नाही, फाडलेली चप्पल नाकासमोर धरायची नाही. मी हे सगळं केलेलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याला वाटतं, मान खाली घालून बसलीये म्हणजे तिला चूक कळलीये. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 साली नेमकं हेच तपासलं. मालक खोलीबाहेर असताना काही कुत्र्यांनी नको सांगितलेला खाऊ खाल्ला, काहींनी नाही. आणि काही मालकांना मुद्दाम खोटंच सांगितलं की तुमच्या कुत्र्याने खाल्लाय. अपराधी चेहरा केला तो ज्यांना रागावलं त्या कुत्र्यांनी. खाल्लं होतं की नाही, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. म्हणजे ती मान आपल्या आवाजाला घाबरून खाली जाते. दोन तासांपूर्वीच्या चपलेशी तिचा संबंध नसतो. आणि एकटेपणाला घाबरणाऱ्या कुत्र्याला घरी येऊन झोडपलं, तर आता त्याला तुमच्या जाण्याचीही भीती आणि येण्याचीही.

पहिली खेप: दात

खारी साडेचार महिन्यांची असताना खुर्चीचे पाय, टीव्हीचा रिमोट आणि माझ्या आईची जपाची माळ गेली. एक दिवस पायपुसणं झटकताना तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टणकन लादीवर पडलं. उचलून बघितलं तर दुधाचा दात. मुळाकडे किंचित तांबूस, टोक सुईसारखं. तेव्हा कुठे उलगडा झाला.

कुत्र्याच्या पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात, आधी पुढचे, मग बाकीचे, आणि सातव्या महिन्यापर्यंत 42 पक्के दात येतात. या तीन-चार महिन्यांत हिरड्या शिवशिवतात आणि काहीतरी चावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चावणं थांबवण्याच्या मागे लागू नका, चावायला काय द्यायचं ते ठरवा.

आमच्याकडे चाललं ते असं: जुन्या सुती पंचाचा तुकडा भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि तासाभराने द्यायचा. गार कापडाने हिरड्यांना आराम पडतो. धागे सुटायला लागले की लगेच काढून घ्यायचा, गिळला तर आतड्यात अडकतो. फ्रीजमधलं अख्खं गाजर, समोर बसून. बाजारातलं रबराचं खेळणं घेणार असाल तर त्यावर नख दाबून बघा. नखाने जराही दबत नसेल तर ते दातांसाठी फार कडक आहे, दात तुटू शकतो. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या काचेसारख्या धारदार कपच्या होतात. नारळाची शेंडीही नको. आपल्याकडे ती सर्रास देतात, पण तिचे दोरे पोटात जातात.

जुनी चप्पल खेळायला देऊ नका. टाकाऊ चप्पल आणि परवा आणलेली सँडल यांतला फरक त्याला कळणार कसा, दोन्हीला आपल्या पायाचाच वास.

वायरींचं मात्र शिकवण्यावर सोडू नका. चार्जर बोर्डातून काढून वर ठेवायचे, फ्रीज-टीव्हीच्या वायरी प्लॅस्टिकच्या पट्टीत घालून भिंतीला चिकटवायच्या. जिवंत वायर दाताखाली आली तर दुसरी संधी मिळत नाही.

आणि झोप. पिल्लाला दिवसाचे सोळा-अठरा तास झोप लागते. आपल्या घरात टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, शाळेतून येणारी मुलं, बेल, यात त्याला ती मिळतच नाही. संध्याकाळी सात वाजता वेड्यासारखं पळणारं, पँटचे पाय ओढणारं पिल्लू बऱ्याचदा दमलेलं असतं आणि आपण त्याला अजून दमवायला बॉल फेकत बसतो. आम्ही पलंगाखाली चादरीचा आडोसा करून तिची जागा केली आणि दुपारी दोन तास तिकडे कोणी फिरकायचं नाही असं ठरवलं. आठवड्याभरात संध्याकाळचा धिंगाणा निम्म्यावर आला.

दुसरी खेप: एकटेपणाची भीती

ही सगळ्यात अवघड होती. खारी सव्वा वर्षाची असेपर्यंत आमच्यापैकी कोणी ना कोणी घरी असायचं, नवऱ्याचं कामच घरून होतं. मग त्याला ऑफिसात बोलावलं, आई पुण्याला भावाकडे गेली, आणि खारी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकटी राहिली. तिसऱ्या दिवशी चौकट गेली. मी समजले मस्ती. गॅलरीत बांधून ठेवलं. त्या संध्याकाळी तिच्या पुढच्या पायाचं नख मुळातून उखडलेलं होतं आणि गॅलरीच्या दारावर रक्ताचे फराटे होते.

मग रेकॉर्डिंग लावलं. ते बघणं सोपं नव्हतं. मी कुलूप लावलं, ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. तिसऱ्या मिनिटाला धापा सुरू. मग पायपुसणं उकरलं, दाराच्या फटीत नाक घातलं, लिफ्टचा आवाज आला की थांबायची, लिफ्ट पुढे गेली की पुन्हा. मग चौकट. चाळीस मिनिटं. वाटीत ठेवलेल्या दूध-पोळीला तिने तोंडही लावलं नव्हतं, आणि मी आल्यावर मात्र दोन घासांत संपवली. ही खूण लक्षात ठेवा. कंटाळलेलं कुत्रं खाऊ आधी खातं आणि मग उशी फाडतं. घाबरलेल्याच्या घशाखाली घास उतरत नाही.

भीतीवर उपाय एकच, एकटं राहण्याची सवय थेंबाथेंबाने लावणं. आधी मी किल्ली हातात घ्यायचे आणि बाहेर न जाता चहा प्यायला बसायचे. पर्स खांद्याला लावून भांडी लावायची. दिवसातून दहा-पंधरा वेळा. किल्ली वाजली की ती ताडकन उठायची, ते पाचव्या-सहाव्या दिवशी थांबलं. मग दार उघडून बंद करणं. मग बाहेर उभं राहून पाच आकडे मोजून आत येणं. मग अर्धं मिनिट. मग एका मजल्याचा जिना उतरून परत. ती धापा टाकायच्या आत आपण परत यायचं, हे महत्त्वाचं. रडायला लागल्यावर आलात तर समजा आज फार लांब गेलात, उद्या निम्मी वेळ घ्या. येता-जाता मिठ्या, लाड, ‘येते हं बाळा’ काही नाही. आलो, बूट काढले, पाणी प्यायलो, मग हात फिरवला.

पाच आकड्यांपासून चार तासांपर्यंत जायला आम्हाला अडीच महिने लागले. मधल्या काळात तिला एकटी ठेवायची नाही, नाहीतर आठवड्याची मेहनत एका दिवसात जाते. नोकरी करणाऱ्या माणसांनी हे कसं जमवायचं, हा खरा प्रश्न. आमच्याकडे तळमजल्याच्या काकूंनी ते जमवलं. चौकट बघून मला म्हणाल्या, “अगं, घाबरलंय ते लेकरू. मी दिवसभर घरीच असते, आणून सोड माझ्याकडे.” सहा आठवडे खारी काकूंच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर झोपून होती. तुमच्या इमारतीतही अशी एखादी काकू, एखादे निवृत्त आजोबा, कॉलेजातून दुपारीच परतणारी मुलगी असते. संकोच न करता विचारा. नाहीच कोणी, तर दिवसभर सांभाळणाऱ्या जागा आता मुंबईत बऱ्याच आहेत. दोन महिन्यांचा तो खर्च नव्या दारापेक्षा जास्त होईल कदाचित, पण कुत्र्याचं नख परत परत उखडणार नाही.

काही कुत्र्यांची भीती एवढ्यानेही जात नाही. तेव्हा डॉक्टर सरावाच्या जोडीला गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या काही महिने चालतात. त्यात कमीपणा मानू नका. स्वतःच्या मनाने घरातली माणसाची गोळी मात्र देऊ नका. आणि सोबत म्हणून दुसरं कुत्रं आणायची घाई करू नका. खारीला माणसं हवी होती. दुसरं आणलं असतं तर दोघं मिळून दाराशी रडली असती.

दिवाळीत फटाक्यांना किंवा विसर्जनाच्या ढोलांना घाबरून पलंगाखाली उकरणारी कुत्री याच प्रकारातली, घाबरलेली. त्यांना त्या दिवसांत घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा मोठा करून ठेवा आणि जवळ बसा.

तिसरी खेप: जुलै

सलग पाच दिवस धो धो पाऊस, खाली पाणी तुंबलेलं, फिरणं म्हणजे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जाऊन परत. सहाव्या दिवशी खारीने गादी उकरली. पंज्यांनी खणत खणत कापूस बाहेर, आणि त्या कापसात शांत झोप. रेकॉर्डिंगमध्ये ना धाप ना रडणं. अंगात साठलेलं बाहेर काढायला जागा नव्हती, एवढंच.

आपण कुत्र्याला पळवण्याचा विचार करतो, पण त्याला खरं दमवतं ते नाक. वीस मिनिटं पट्टा सैल सोडून, प्रत्येक झाडाशी, प्रत्येक खांबाशी हवं तेवढं हुंगू दिलं तर तासभर ओढत नेलेल्या फेरीपेक्षा ते जास्त शांत होऊन घरी येतं. पावसात तेही जमत नाही तेव्हा घरात नाकाला काम द्या. आमचं आवडतं साधन आप्पेपात्र. प्रत्येक खळग्यात तिच्या जेवणातले दोन-चार दाणे आणि वर टेनिसचे बॉल. बॉल उचल, हुंग, खा, पुढचा खळगा. जुन्या टॉवेलवर पोळीचे तुकडे पसरून घट्ट गुंडाळी करायची आणि द्यायची, सुरुवातीला सैल, मग गाठ मारून. वाटीत जेवण देणं मी पावसाळ्यात जवळजवळ बंदच केलं. दहा मिनिटांत संपणारं जेवण अर्धा-पाऊण तास पुरतं आणि नंतर ती आपणहून आडवी होते.

उकरायची हौस दाबून जात नाही, तिला जागा द्या. गॅलरीत प्लॅस्टिकचा मोठा टब, त्यात वीतभर रेती, आणि रेतीत तिच्यादेखत पुरलेलं खेळणं. पहिले चार दिवस मीच हाताने उकरून दाखवलं. लादी खराब होते, रोज झाडावं लागतं, पण गादी वाचली. टबावर रात्री फळी ठेवा, मांजरं येतात. बीगल, डॅशहुंड, टेरियर घरी असतील तर हा टब पहिल्या दिवसापासूनच करा. डॅशहुंड आणि टेरियर तर बिळातलं जनावर उकरून काढण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या जाती आहेत. चौपाटी जवळ असणाऱ्यांना उकरायला रेती तिथेच आहे. फक्त पावसाळ्यात जुहू-गिरगावला वाहून येणाऱ्या, जेलीफिशसारख्या दिसणाऱ्या निळ्या ब्लूबॉटलपासून सांभाळा, त्यांचा डंख कुत्र्याच्या नाकालाही बसतो.

चौथी खेप: कुंड्या, आणि कोपऱ्यातला पाइप

मोगऱ्याची कुंडी तीनदा उलटली तेव्हा मी टब, आप्पेपात्र सगळं पुन्हा काढलं. काही उपयोग नाही. मग आठवलं, आदल्या रविवारी मी कुंड्यांना हाडांचा चुरा घातला होता. कुत्र्याच्या नाकाला ती कुंडी म्हणजे पुरून ठेवलेलं मटण. वरची माती काढून बदलली, उकरणं थांबलं.

यातली धोक्याची गोष्ट एरंडीची पेंड. खत म्हणून ती सहज मिळते, वास खमंग, कुत्री आवडीने खातात, आणि तिच्यातलं रायसिन हे विष जीव घेतं. उलट्या, रक्ताचे जुलाब काही तासांनी सुरू होतात. घरात कुत्रं असेल तर ही पेंड आणूच नका, शेणखत किंवा ओल्या कचऱ्याचं नीट मुरलेलं खत वापरा. पावसाळ्यात गोगलगाईंसाठी टाकतात ते दाणेही तसेच विषारी. कण्हेर, बिट्टी, सायकस ही झाडं गॅलरीतून काढा. मनीप्लांट, डिफेनबेकिया चावले तर तोंडाची आग आग होते, ते वर टांगा.

कुत्रं कुंडीकडे जाऊ नये म्हणून डांबरगोळ्या टाकायला मला दोघातिघांनी सांगितलं होतं. त्या गिळल्या तर कुत्र्यासाठी विष आहेत. तिखटाची पूडही नको, डोळ्यांत आणि नाकात जाते. कुंडीच्या मातीवर बारीक भोकांची जाळी झाडाच्या बुंध्याभोवती कापून बसवा, वर दोन बोटं माती पसरा. पंजाला जाळी लागली की ती खणणं सोडून देते.

जाळी बसवल्यावरही खारी गॅलरीच्या एकाच कोपऱ्यात, पाण्याच्या पाइपाजवळ, लादीवरच नखं घासायची. रात्री अकरानंतर. टॉर्च मारला तर पाइपावरून चढून आलेला उंदीर. सोसायटीने पाइपाभोवतीचं भगदाड सिमेंटने बुजवलं आणि प्रश्न संपला. उंदीर आहे हे कळलं तर दोन गोष्टी करा. उंदरांचं औषध कुठे टाकलंय ते वॉचमनना विचारा. आणि कुत्र्याच्या लशीत लेप्टोची लस आहे का ते डॉक्टरांना विचारा, कारण उंदरांच्या लघवीतून येणारा तो रोग कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही.

उन्हाळ्यात दुपारी माती उकरून त्यात पोट टेकवून बसत असेल तर त्याला उकडतंय. ओलं गोणपाट आणि सावली पुरते. नसबंदी न केलेली मादी माजानंतर दीड-दोन महिन्यांनी चादरी ओढून कोपऱ्यात घर करायला लागली तर ती खोटी गरोदर असू शकते, डॉक्टरांना दाखवा. आणि नुसतं उकरत नसून माती किंवा भिंतीचा रंग खात असेल तर जंत आणि रक्त तपासा. आपल्याकडच्या गोचीड-तापात रक्त झपाट्याने कमी होतं आणि त्यातही कुत्री माती खाताना दिसतात.

तोंडात काही दिसलं तर

बोटं घालून ओढू नका. मी ओढायचे, आणि खारी वस्तू घेऊन पलंगाखाली पळायला आणि गुरगुरायला शिकली. त्याऐवजी ‘सोड’ म्हणायचं आणि नाकाशी त्याहून चांगलं काहीतरी धरायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा, पनीर. तोंड उघडलं की ते द्यायचं, वस्तू शांतपणे उचलायची. रोज साध्या खेळण्यावर पाच मिनिटं सराव केला की अडचणीच्या वेळी उपयोगी पडतं.

गिळलंच, तर काय गिळलं आणि किती, ते बघा, उरलेला तुकडा पिशवीत टाका आणि डॉक्टरांना फोन करा. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याचं कणीस, या दोन्ही गोष्टी आतड्यात अडकतात आणि सुरुवातीला कुत्रं अगदी ठीक दिसतं. परत परत उलटी, न खाणं, पोट कडक लागणं, शी न होणं, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, तेवढं मीठच कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. घराजवळचा दवाखाना रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो, आणि तो बंद असेल तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या दवाखान्यात तुमच्या घरून पोहोचायला किती वेळ लागतो, हे आजच विचारून फ्रीजवर लिहून ठेवा. आमच्या फ्रीजवर तो कागद तीन वर्षं आहे. खाली काकूंचा नंबर आहे, आणि कुत्रं नेणाऱ्या एका रिक्षावाल्या दादांचाही.